सतरा आठवडे: छाती न उघडता बसवलेल्या पहिल्या महाधमनी झडपेचा प्रकरण अभ्यास

१६ एप्रिल २००२. फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं रूआँ शहर, तिथलं शार्ल निकोल रुग्णालय. कॅथलॅबच्या, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी नेऊन उपचार करतात त्या खोलीच्या, टेबलावर ५७ वर्षांचा एक माणूस झोपवलेला आहे. जांघेत जागा बधिर केली आहे, थोडं गुंगीचं औषध दिलं आहे, पण पूर्ण भूल नाही. ती त्याला झेपलीच नसती. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातलं निम्म्याहून जास्त रक्त पुढे ढकलतं. या माणसाचं हृदय जेमतेम १२ टक्के ढकलत होतं. रक्तदाब ढासळलेला, शरीराला रक्त पुरत नाही अशी अवस्था. डॉक्टरी भाषेत याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. अशा माणसाला ‘सध्या स्थिर आहे’ असं कुणी म्हणत नाही.

त्या दिवशी डॉ. अलाँ क्रिबिए आणि त्यांच्या चमूने त्याच्या हृदयात छाती न उघडता, हृदय न थांबवता महाधमनीची, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त निघतं त्या दारावरची, नवी झडप बसवली. माणसात असं पहिल्यांदाच घडत होतं. आज आपल्याकडे नातेवाईक ज्याला ‘बिनटाक्यांचा व्हॉल्व्ह’ म्हणतात आणि डॉक्टर टावी किंवा टावर, त्याची सुरुवात ही.

हृदयरोगाच्या परिषदांत ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! बहुतेक वेळा स्लाइड त्या दिवशीच संपते. फुगा फुगला, झडप उघडली, रक्तदाब सुधारला, टाळ्या. मूळ अहवाल मात्र तिथे संपत नाही. तो पुढचे सतरा आठवडे सांगतो, आणि माझ्या मते या प्रकरणाचं खरं शिक्षण त्या सतरा आठवड्यांत आहे. म्हणून इथे पूर्ण प्रकरण मांडतो आहे.

रुग्ण कोण होता

त्याच्या महाधमनीच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या. अशा झडपेवर रक्ताच्या धारेचा ताण वेगळा पडतो आणि ती लवकर कडक होते. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर क्षार चढतात ना, तसे पाकळ्यांवर कॅल्शियमचे थर चढत जातात. इकोच्या पडद्यावर निरोगी पाकळ्या इतक्या पातळ असतात की उघडल्या की क्षणभर दिसेनाशा होतात. कॅल्शियम साचलेली झडप पांढऱ्या खड्यांच्या ढिगासारखी दिसते आणि तो ढीग जागचा हलत नाही. मधल्या फटीतून रक्त चिरकांडीसारखं निघतं. मोठ्या माणसात ही वाट साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटरची असते. ती १ चौरस सेंटिमीटरच्या खाली आली की आजार तीव्र समजतात. धाप लागायला लागली, पायांवर सूज आली, हृदय थकलं, की उपचाराविना हातात सरासरी दोनेक वर्षं उरतात.

यावर औषध नाही. गोळीने कॅल्शियम विरघळत नाही. झडप बदलणं हाच उपाय, आणि २००२ सालापर्यंत त्याचा अर्थ एकच होता: छातीचं हाड कापायचं, हृदय थांबवायचं, शरीराचा रक्तपुरवठा यंत्रावर टाकायचा.

या माणसाला शल्यचिकित्सकांनी नकार दिला होता आणि तो नकार रास्त होता. फुप्फुसात सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने होणारा आजार. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी आधी शस्त्रक्रिया झालेली. स्वादुपिंडाचा जुनाट दाह. आणि पायांच्या रक्तवाहिन्या इतक्या खराब की पोटातल्या महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत कृत्रिम नळीचा बायपास करावा लागला होता. त्याही नळीने दगा दिला होता. एका पायाला रक्त कमी पडत होतं, पाय दुखत होता, थंड पडत चालला होता.

हा पाय लक्षात ठेवावा. पुढे सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

फुग्यापासून स्टेंटपर्यंत

क्रिबिए यांच्यासाठी असा नाकारलेला रुग्ण नवा नव्हता. १९८५ सालीही शल्यचिकित्सक सत्तरीपुढच्या रुग्णाची झडप बदलायला सहसा तयार होत नसत. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ७२ वर्षांच्या एका बाईंच्या आखडलेल्या झडपेत फुगा नेऊन तो फुगवला. झडप थोडी उघडली, बाईंना आराम पडला. ही पद्धत जगभर पसरली आणि थोड्याच वर्षांत तिचं मर्म उघडं पडलं: कडक पाकळ्या काही महिन्यांत परत मिटतात. वर्षभरात बहुतेकांची झडप पुन्हा पूर्वीसारखीच आखडलेली असायची. आयुष्य वाढत नव्हतं.

मग उघडलेली झडप उघडीच ठेवायला आत धातूची जाळी घातली तर? म्हणजे स्टेंट, आणि त्याच्या आत नवी झडप. एकट्या क्रिबिए यांच्याच मनात हे आलं असं नाही. डेन्मार्कच्या हेनिंग रूड आंदेरसन यांनी १९८९ साली डुकराच्या शरीरात अशी झडप बसवून दाखवली होती. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी एका १२ वर्षांच्या मुलाच्या फुप्फुस-धमनीकडे जाणाऱ्या कृत्रिम नळीत गाईच्या मानेच्या शिरेतली झडप कॅथेटरमार्गे, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, बसवली होती. पण म्हाताऱ्या माणसाची कॅल्शियमने गच्च झालेली महाधमनी झडप हा वेगळाच प्रांत. तिच्या अगदी लगत वर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्यांची तोंडं, खाली दुसऱ्या झडपेची पाकळी, आणि भिंतीत हृदयाचे ठोके वाहून नेणारी तार. जाळी दोनचार मिलिमीटर वर-खाली झाली तरी यातलं काहीतरी बिघडणार.

या संशोधनात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९९३-९४ मधला शवागारातला अभ्यास. क्रिबिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियमने आखडलेल्या झडपांची मृत माणसांची १२ हृदयं घेतली, प्रत्येकात २३ मिलिमीटर व्यासाचा स्टेंट फुगवला, आणि मोजमाप केलं. साधारण दीड सेंटिमीटर उंचीची जाळी वरच्या धमन्यांची तोंडं न झाकता, खालच्या पाकळीला न अडवता बसते हे दिसलं. मग जाळी ओढून पाहिली. ती सहज निघेना. ज्या कॅल्शियमने झडप मारली होती, तेच कॅल्शियम जाळीला घट्ट धरून ठेवत होतं.

हे मेंढीत कळलं नसतं. नंतर शंभरावर मेंढ्यांवर प्रयोग झाले, पण मेंढीची झडप मऊ असते, तिच्यात कॅल्शियम नसतं. जाळी टिकेल का, या प्रश्नाचं उत्तर फक्त आजारी माणसाच्या हृदयातच होतं.

उद्योगांनी पाठ फिरवली. मोठ्या वैद्यकीय कंपन्यांकडे कल्पना नेली, नकारच मिळाला. शेवटी १९९९ साली क्रिबिए, अमेरिकेतले मार्टिन लिऑन आणि आणखी दोघांनी स्वतःचीच छोटी कंपनी काढली आणि इस्रायली अभियंत्यांनी झडप घडवली: पोलादी जाळी, आत गाईच्या हृदयावरणाच्या तीन पाकळ्या. रूआँच्या प्रकरणाचा अहवाल २००२ च्या डिसेंबरमध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. त्याच्या लेखकांच्या यादीत हृदयरोगतज्ज्ञांच्या जोडीला अभियंता आहे, प्राण्यांचे डॉक्टर आहेत आणि शल्यचिकित्सकही आहेत. अशी यादी मी फार कमी वेळा पाहिली आहे.

वाट कुठून काढायची

आता त्या टेबलापाशी परत येऊ. आज झडप जांघेतल्या धमनीतून वर नेतात: धमनी, पोट, छाती, महाधमनीची कमान, आणि रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध झडपेपर्यंत. या माणसाच्या बाबतीत तो रस्ताच बंद होता. त्याच्या पायांच्या धमन्यांतून ८ मिलिमीटर जाडीची नळी जाणं शक्य नव्हतं, आणि त्या वेळी नळी तेवढी जाड होती.

राहिली शीर. शिरेतून गेलं की माणूस हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचतो आणि महाधमनीची झडप आहे डाव्या बाजूला. म्हणून जांघेतल्या शिरेतून उजव्या वरच्या कप्प्यात जायचं, दोन वरच्या कप्प्यांमधला पातळ पडदा सुईने भेदायचा, डाव्या वरच्या कप्प्यात शिरायचं, तिथून मायट्रल झडपेतून खाली डाव्या मोठ्या कप्प्यात उतरायचं, तिथे वळसा घेऊन वर यायचं आणि रक्ताच्याच दिशेने महाधमनीच्या झडपेतून जायचं.

आपल्याकडच्या कॅथलॅबमध्ये काम करणाऱ्यांना यातला पडदा भेदण्याचा टप्पा ओळखीचा वाटेल. संधिवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल झडप फुग्याने उघडतात ती याच वाटेने, आणि भारतात ते काम रोजचं आहे. क्रिबिए यांचाही हात त्यात बसलेला होता. मायट्रल झडप उघडण्यासाठी त्यांनी स्वतः एक धातूचं अवजार तयार केलं होतं. ते निर्जंतुक करून पुन्हा वापरता येई, म्हणजे गरीब देशांना परवडावं हा हेतू त्यामागे होता. नॉर्मंडीत त्या दिवशी जी वाट उपयोगी पडली ती एका अर्थी गरिबांच्या आजाराने आखून दिलेली होती.

पण मायट्रलपाशी थांबणं वेगळं आणि पुढे वळसा घालून महाधमनीत जाणं वेगळं. या वाटेवरची तार शिरेतून आत जाते आणि दुसऱ्या टोकाला धमनीतून बाहेर काढून धरतात. अशा दोन्ही टोकांनी धरलेल्या तारेवरून झडप रुळावरच्या डब्यासारखी सरकते. डाव्या कप्प्यात या तारेचा सैल, मोठा वळसा राहिला पाहिजे. तार कुणी जरा जास्त ओढली की वळसा ताणला जातो, मायट्रलची पाकळी तारेखाली अडकून उघडीच राहते आणि रक्तदाब कोसळतो. १२ टक्क्यांवर चालणारं हृदय असा धक्का किती वेळ सोसणार? एकाने ढकलायचं, दुसऱ्याने धरायचं, तिसऱ्याने नजर वळशावर आणि रक्तदाबावर ठेवायची. यात शौर्याचा भाग थोडा, हातांच्या एकमेकांवरच्या भरवशाचा जास्त.

फुग्यावर चिमटून बसवलेली झडप जुन्या झडपेच्या मधोमध आणली. एक्स-रेच्या पडद्यावर जुन्या झडपेचं कॅल्शियम काळं दिसतं, तीच खूण. फुगा फुगवला. फुगा फुगलेला असताना हृदयातून रक्त बाहेर पडतच नाही, म्हणून फुगवायचा आणि लगेच रिकामा करायचा. झडप जागेवर बसली. हृदयाच्या धमन्यांचा प्रवाह शाबूत, मायट्रल झडपेचं काम शाबूत, नव्या झडपेच्या कडेने किंचित गळती. रक्ताभिसरण स्पष्टपणे सुधारलं. ४८ तासांनंतरच्या तपासणीतही झडप उत्तम चालत होती.

मग पाय

पुढचे चार महिने पुन्हा पुन्हा अन्ननलिकेतून इको केले गेले. झडप समाधानकारक चालत होती. हृदय पुन्हा निकामी झालं नाही.

आणि त्याच चार महिन्यांत पाय खराब होत गेला. रक्त पुरेनासं झालं आणि शेवटी पाय कापावा लागला. कापलेली जखम भरली नाही. जखमेत जंतुसंसर्ग झाला. झडप बसवल्यानंतर सतरा आठवड्यांनी, ऑगस्टच्या मध्यावर, तो माणूस गेला. हृदयातली नवी झडप शेवटपर्यंत उघडझाप करत होती.

चमूने हे लपवलं नाही. अहवालाच्या अगदी सारांशातच पाय कापल्याचं, जखम न भरल्याचं, संसर्गाचं आणि मृत्यूचं लिहिलेलं आहे. पहिल्यावहिल्या यशाची बातमी देताना असं लिहिणं सोपं नाही, आणि त्यासाठी मला या चमूबद्दल जेवढा आदर वाटतो तेवढा त्या फुग्यासाठीही वाटत नाही.

मग हे प्रकरण यशस्वी म्हणायचं की फसलेलं? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. काहींचं म्हणणं असतं, इतक्या आजारी माणसावर पहिला प्रयोग करायलाच नको होता, त्याने काय सिद्ध झालं? मला हे पटत नाही. ज्याला शस्त्रक्रिया झेपली असती अशा माणसावर अजून माणसात न वापरलेली झडप वापरणं अन्यायाचं झालं असतं. दुसरा कुठलाच उपाय न उरलेला माणूसच या वाटेवर न्यायाने येऊ शकत होता. फुग्याचा उपचारही त्याच्यावर करून झाला होता, त्याचा परिणाम टिकला नव्हता. त्या दिवशी काही केलं नसतं तर त्याच्याकडे सतरा आठवडे नव्हतेच.

पण त्याची किंमत अशी की अशा रुग्णावरून उपचाराचा न्याय करता येत नाही. फक्त झडप पाहिली तर निकाल शंभर टक्के. फक्त माणूस पाहिला तर शून्य. दोन्ही निकाल अर्धवट. झडपेने एका मरणाचा रस्ता बंद केला. दुसरा रस्ता आधीपासून उघडा होता, त्याच्याकडे झडपेचा इलाज नव्हता.

पुढे काय मोजलं गेलं

२००४ साली एडवर्ड्स लाइफसायन्सेस या कंपनीने ती छोटी कंपनी विकत घेतली. शिरेतून जाणारी अवघड वाट मागे पडली. कॅनडातल्या व्हँकुव्हरला जॉन वेब यांनी धमनीतून जाण्याची वाट रुळवली. २००७ साली युरोपात परवानगी मिळाली.

२०१० साली या झडपेच्या ‘पार्टनर’ नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. शस्त्रक्रिया अशक्य ठरलेले ३५८ रुग्ण, निम्म्यांना नवी झडप, निम्म्यांना नेहमीचे उपचार. यात मुख्य मोजमाप होतं ‘कोणत्याही कारणाने मृत्यू’. हृदयाने झालेला मृत्यू नव्हे, झडपेने झालेला नव्हे, कोणत्याही. म्हणजे रूआँच्या त्या माणसासारखा पायाच्या जखमेने कुणी गेला असता तर तोही मृत्यूच मोजला गेला असता. माझ्या दृष्टीने ही चाचणी इथेच खरी ठरते. एका वर्षात नेहमीच्या उपचारांच्या गटात ५०.७ टक्के रुग्ण गेले, नव्या झडपेच्या गटात ३०.७ टक्के. दर पाचांमागे एकाचा जीव वाचला. इतका मोठा फरक हृदयरोगाच्या चाचण्यांत क्वचित दिसतो.

त्याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचावी. झडप बसवूनही वर्षभरात तिघांतला जवळजवळ एक गेला. पहिल्या तीस दिवसांत रक्तवाहिनीला मोठी इजा झडपेच्या गटात १६.२ टक्क्यांना झाली, दुसऱ्या गटात १.१ टक्क्यांना. मोठा पक्षाघातही झडपेच्या गटात जास्त: ५ टक्के विरुद्ध १.१. जाड नळ्या आणि म्हाताऱ्या, खडबडीत धमन्या. पहिल्या रुग्णाच्या पायांनी जे सांगितलं होतं तेच मोठ्या आकड्यांत परत समोर आलं. नंतरची बरीच मेहनत नळी बारीक करण्यात गेली, आणि आज ती त्या पहिल्या नळीच्या मानाने कितीतरी सडपातळ आहे.

२०१९ साली शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या १००० रुग्णांची चाचणी आली. मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात भरती, असं एकत्र मोजमाप. वर्षभरात कॅथेटरच्या गटात ८.५ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात १५.१ टक्के. आता गुजरातेत वापीला, आपल्या सीमेला लागूनच, मायव्हॉल नावाची अशी झडप तयार होते. २०१८ साली तिला भारतात परवानगी मिळाली आणि ती परदेशातही वापरली जाते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण घरोघरी गैरसमज आहे. तो पहिला रुग्ण आज आपल्याकडे आला असता, बाकी तब्येत धडधाकट असती, तर त्याला बहुधा शस्त्रक्रियाच सुचवली असती. वय ५७, झडप दोन पाकळ्यांची. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ च्या आतल्या रुग्णाला शस्त्रक्रियेकडेच पाठवतात, कारण प्राण्याच्या ऊतीची झडप कायम टिकत नाही आणि त्याच्यापुढे अजून बरंच आयुष्य असतं. आपल्याकडच्या अनेक तरुण रुग्णांची झडप संधिवाताच्या तापाने खराब होते. तिच्यात जाळीला धरून ठेवणारं कॅल्शियम बरेचदा नसतं. ‘टाके नकोत’ एवढ्या एका कारणावर हा निर्णय होत नाही.

क्रिबिए १६ फेब्रुवारी २०२४ रोजी गेले.

गेल्या महिन्यात इकोसाठी एक आजी आल्या होत्या, ७९ वर्षांच्या. दोन जिने चढल्या की बसावं लागतं, देवळापर्यंत जाणं बंद झालंय, असं सांगत होत्या. पडद्यावर तोच पांढरा, न हलणारा ढीग. सोबतच्या मुलीने कुठेतरी वाचलं होतं. तिने विचारलं, “डॉक्टर, जांघेतून व्हॉल्व्ह बसवला की आई चालायला लागेल ना?” मी म्हटलं, “सांगतो. आजी, जरा पाय बघू द्या.” लुगड्याचा काठ वर घेऊन दोन्ही पावलांवर बोटं ठेवली. उजव्या पायाची नाडी चटकन लागली. डाव्या पायाची बराच वेळ शोधूनही लागेना, आणि तो पाय हाताला गार होता. “हा पाय रात्री दुखतो का हो?” आजी म्हणाल्या, “दुखतो की. पण तो हृदयाचा नाही ना, म्हणून बोलले नाही.”

सीटीच्या चिठ्ठीवर मी ‘हृदय’ लिहिलं होतं. त्याच्यापुढे ‘पोट आणि दोन्ही पायांच्या धमन्या’ असं लिहिलं, आणि मुलीला खुर्ची ओढून बसायला सांगितलं.